हात बदलला, मग धनुष्यही हलकं घ्यावं का?

रामबागकर (इंदूर)
पाच वर्षं उजव्या हातानं रिकर्व्ह (टोकं पुढं वळलेलं धनुष्य) मारतोय. लिम्ब्ज ३६ पाउंडाचे (लिंबाशी संबंध नाही, धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्या; पाउंड म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर). गेल्या वर्षी उजव्या डोळ्याच्या पडद्याची भानगड झाली, चष्म्यानं सुटणारी नव्हे. साईटची (नेम धरायच्या साधनाची) रिंग दोन-दोन दिसायला लागली. म्हणून आता डावीकडून शिकतोय: धनुष्य उजव्या हातात, दोरी डाव्यानं. वय सत्तेचाळीस.

माझं मत असं, की उतरायचं तर नीट उतरावं. मी २२ पाउंडाचे लिम्ब्ज घेतलेत. मैदानावर रोज ऐकतो, "क्या भिया, बच्चों का धनुष?" हसू देत. पहिल्या आठवड्यात एकाचं ३२ पाउंडाचं डावं धनुष्य मागून घेतलं होतं. तिसाव्या बाणाला डावा खांदा कानाला टेकला, आणि हात हनुवटीच्या दोन बोटं अलीकडेच थांबायला लागला. वाईट म्हणजे मला ते कळतच नव्हतं, शेजारच्या पोरानं व्हिडिओ काढून दाखवलं. तेच महिनाभर गिरवलं असतं तर पुढं ती सवय मोडायला वर्ष गेलं असतं.

तुम्ही काय केलं असतं?

छप्पनचा_पोहेवाला
साफ असहमत. २२ म्हणजे अतिरेक आहे काका.

तिरंदाजी एका हाताची नसते. तुमच्या डाव्या खांद्यानं पाच वर्षं ३६ पाउंड समोर रेटून धरलेत, तो काय आज जन्मला? पाठ दोन्हीकडून तयार आहे, डोक्याला अँकर (ओढलेला हात हनुवटीशी टेकवायची ठरलेली जागा) म्हणजे काय ते ठाऊक आहे. गांगुली बघा, गोलंदाजी उजवी, बॅटिंग डावी. दादाला कुणी हलकी बॅट दिली नाही.

आणि खर्च? डावा रायझर (धनुष्याचा मधला, मुठीचा भाग) नवा घेतलात ते ठीक, त्याला पर्याय नाही. पण ३६ ला जुळवलेले बाण २२ वर ताठ पडणार. म्हणजे लवचीक बाण नवे, पाउंडेज वाढवलं की पुन्हा नवे. शिवाय २२ वर ७० मीटर विसरा. साईट खाली सरकवत न्याल तर शेवटी बाणालाच टेकेल. त्यापेक्षा लिम्बचे बोल्ट सैल करा, दहाएक टक्के उतरतं. ३६ चे ३२-३३ होतील. भागवा त्यात.

रामबागकर
रेटणं वेगळं, ओढणं वेगळं. डावा खांदा पुढं दाबायला शिकलाय. कोपर मागं नेऊन पाठीवर वजन घ्यायला त्याला कधी सांगितलंच नव्हतं. दादाचं उदाहरण गोड आहे, पण बॅट ताणून कुणी पाच सेकंद उभं राहत नाही.

हिशेबच करा. सकाळचे माझे १२० बाण. ३६ नं ४३२० पाउंड ओढले, म्हणजे जवळपास दोन टन. २२ नं बाराशे किलो. नवशिक्या खांद्याला कुठलं द्यायचं?

बाणांचं मात्र खरं. जुने ताठ बाण २२ वर सरळ उजवीकडे पळाले. पूर्वी ताठ बाण डावीकडे जायचा, त्यामुळे दोन दिवस मी उलटाच प्लंजर (बाणाला बाजूनं टेकणारं स्प्रिंगचं बटण) फिरवत बसलो होतो.

छप्पनचा_पोहेवाला
आणि लिम्बवरचा आकडा दोरी २८ इंच ओढल्यावरचा असतो, इंचामागे दोनेक पाउंड कमी-जास्त. नव्या हातानं तुम्ही २७ तरी ओढता का? म्हणजे प्रत्यक्षात २० च! पतंगाचा मांजा ओढा त्यापेक्षा.

रामबागकर
२७ च ओढतो. २० तर २०.

मालविका_ग्वाल्हेर
हात बदलायचाच कशाला? उजव्या डोळ्यावर पट्टी बांधा, डाव्यानं नेम धरा.

रामबागकर
करून पाहिलं ताई. दोरी उजव्या डोळ्यासमोर येते आणि नेम डाव्यानं, सगळं तिरपं. १८ मीटरवर बाण डावीकडच्या शेजाऱ्याच्या टार्गेटात गेला. तो अजून माझ्याकडून पोहे उकळतोय.

धारवाला
नोकरीनिमित्त झाबुआ-अलीराजपूरकडे बरीच वर्षं काढली. भिलांचं धनुष्य बांबूचं, दोरीही बांबूच्याच चिवटीची, त्यात ना रायझर ना डावं-उजवं. पोराच्या हातात बापाचं धनुष्य कुणी देत नाही, पोराच्या मापाचं वेगळं करतात. काकांचा डावा हात सध्या पोरच आहे, एवढंच म्हणतो.

सव्यापसव्य
मी मुलांना शिकवते, म्हणून दोघांवरही जरा रागावते.

पोहेवाले, ३२ वर सुरुवात करणारे माझ्याकडे खांदा धरूनच येतात. अर्जुनाला सव्यसाची म्हणतात, पण त्याचं पाउंडेज महाभारतात दिलेलं नाही, तेव्हा त्याच्यावर जाऊ नका.

काका, तुमच्या बाजूनं कुणी न सांगितलेली अडचण अशी, की फार हलक्या धनुष्यावर रिलीज बिघडते. दोरीत जोर असला की ती बोटांतून स्वतः सुटते. २० वर तुम्हाला बोटं उघडावी लागतात, आणि तीही सवय लागतेच. म्हणून २२ वर तळ ठोकू नका. पूर्ण ताणून दहा सेकंद धरा. खांदा वर न चढता आणि साईट न थरथरता सलग तीन सराव असे झाले, की २६ घ्या. मध्ये आठवड्यातून दोन दिवस उजव्या हातानंही नुसतं ओढत जा, नाहीतर पाठ एकांगी होते.

आणि टॅब (दोरी ओढणाऱ्या बोटांवरचं संरक्षण) डाव्या हाताचाच घेतलाय ना? उजवा उलटा करून वापरणारे पाहिलेत मी.

रामबागकर
घेतलाय (आता). रिलीजचं अगदी पटलं, बोटं कोंबडीच्या पंजासारखी उघडतात. पण २६ लाच जाईन, ३२ ला नाही.

छप्पनचा_पोहेवाला
जा बाबा. बरं, ३६ चे लिम्ब्ज पडून आहेत ना, विकताय का?

रामबागकर
नाही. लिम्ब्ज दोन्ही रायझरला चालतात. ते माझेच आहेत, वाट बघतायत.

छप्पनचा_पोहेवाला
मग २२ चे? पुतणीला सुरुवात करायचीय.

रामबागकर
मांजा ओढायला सांग तिला.

(देतो. दिवाळीनंतर ये.)