जेबेल अलीत कंपनी काढली तर कर खरंच शून्य?

शिरोली_एमआयडीसी:
पंपांची कास्टिंग्ज आणि सुटे भाग कोल्हापुरातून दुबईतल्या जेबेल अली फ्री झोनमधल्या (करसवलतीच्या व्यापार क्षेत्रातल्या) स्वतःच्या कंपनीला, तिथून आफ्रिकेतल्या डीलरांना, असा बेत आहे. थोडा माल थेट कारखान्यांना. उलाढाल ४० लाख दिरहमच्या आसपास. एजंट म्हणतो फ्री झोनला कर नाही. खरं का?

करवही:
एजंटची माहिती जुनी आहे. १ जून २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांना युएईत ९ टक्के कर आहे. फ्री झोनला ० टक्के मिळतो तो फक्त पात्र उत्पन्नावर, म्हणजे नियमात बसणाऱ्या विक्रीवर. त्यासाठी तिथे खरं ऑफिस, माणसं आणि ऑडिट झालेले हिशेब लागतात.

डीलर माल पुढे विकतो, म्हणून ती विक्री पात्र. कारखान्याने तोच इम्पेलर (पंपातलं फिरणारं चाक) स्वतःच्या प्लांटच्या दुरुस्तीला वापरला तर अपात्र. आणि डीलर कंपनी नसून एकट्या माणसाची पेढी असेल तर तिला केलेली विक्रीही अपात्र, इथेच बरेच जण फसतात. ऑर्डर घेतानाच गिऱ्हाइकाचा नोंदणी दाखला आणि पुनर्विक्रीचं लेखी पत्र फाइलला लावा.

अपात्र विक्री एकूण उलाढालीच्या ५ टक्के किंवा ५० लाख दिरहम, यातलं जे कमी तेवढीच चालते. तुमच्या बाबतीत २ लाख. एखादा कंटेनर भलतीकडे गेला आणि ही मर्यादा ओलांडली की ० टक्क्याचा दर्जा त्या वर्षी जातो, शिवाय पुढची चार वर्षं मिळत नाही.

दिरहम_दमडी:
दर्जा गेला म्हणून आभाळ कोसळत नाही. मग साधा दर लागतो: पहिल्या ३,७५,००० दिरहम नफ्यावर शून्य, वर ९ टक्के. नफा १० लाख असेल तर कर ५६,२५०. एवढ्यासाठी गिऱ्हाईक सोडायचं की नाही, ते तुम्ही बघा. नोंदणी मात्र कंपनी स्थापल्यापासून तीन महिन्यांत करा, उशीर झाला की दंड १०,००० दिरहम.

करवही:
भारताकडची बाजूही बघा. भांडवल पाठवायच्या आधी बँकेत फॉर्म एफसी (परदेशी गुंतवणुकीचा फॉर्म) भरून यूआयएन, म्हणजे त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक, घ्या. कोल्हापूरहून दुबईला माल स्वस्तात दाखवून नफा तिकडे साठवला तर ट्रान्सफर प्रायसिंगची (आपल्याच कंपन्यांमधल्या व्यवहाराच्या भावाची) नोटीस येऊ शकते. त्रयस्थाला लावाल तोच भाव लावा. कारभार कोल्हापुरातून चालतो म्हणून दुबईची कंपनी करासाठी भारतीय ठरण्याची भीती ५० कोटी रुपयांच्या उलाढालीच्या आत नाही. लाभांश इकडे आला की त्यावर इथला कर आहेच.