मदत हवी आहे: विंडोज १० वरून ११ वर जायचंय, पण लाईनचा भरवसा नाही

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं छोटं दुकान आहे. लॅपटॉपवर विंडोज १०. त्याचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून ११ टाकायचं आहे. रॅम ८ जीबी, एसएसडीत ६० जीबी रिकामी, लॅपटॉपवर ११ चालेल का ते तपासणाऱ्या पीसी हेल्थ चेक ॲपमध्ये सगळं हिरवं.

सेटिंग्जमधून दोनदा करून पाहिलं. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर एकदा ३८ टक्क्यांवर अडकलं, दुसऱ्यांदा डेटाच संपला. लाईन कधीही जाते, बॅटरी जेमतेम चाळीस मिनिटं, इन्व्हर्टर नाही. फाइल्स बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतल्या आहेत. यवतमाळला मित्राच्या वायफायवरून आयएसओ (विंडोज ११ च्या पूर्ण सेटअपची फाइल) पेनड्राइव्हमध्ये आणता येईल.

‘फॉरमॅट मार’ हा सल्ला कृपया नको. अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर पुन्हा बसवण्यात मागच्या वेळी अख्खा दिवस गेला, गिऱ्हाईक दारात उभं!

विंडोज चालू असतानाच पेनड्राइव्हमधलं सेटअप चालवलं, तर अंगठ्याच्या मशीनचे आणि जुन्या प्रिंटरचे ड्रायव्हर (ती चालवणारं सॉफ्टवेअर) टिकतात का? नेट बंद ठेवून जमतं का? आणि रीस्टार्टच्या मधेच बॅटरी संपली तर लॅपटॉप आपोआप १० वर परत येतो, की तिथेच बसतो?