वाद्यवृंदाच्या संचालकाने नवे श्रोते शोधत फिरावे काय?

गोदाकाठ (धागाकर्ता)

आमच्या नाशिकच्या श्रवणगटात परवा झुबिन मेहता यांच्या कारकिर्दीवरून वाद झाला आणि तो मिटला नाही, म्हणून इथे मांडतो. मेहता १९३६ साली मुंबईत जन्मले, १९५४ साली व्हिएन्नाला जाऊन हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे संचालन शिकले आणि पुढे लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क व इस्रायल येथील वाद्यवृंदांची धुरा त्यांनी दीर्घकाळ वाहिली. पण ज्यांनी आयुष्यात कधी ऑपेराचे तिकीट काढले नव्हते, अशा असंख्य लोकांनी त्यांना प्रथम पाहिले ते ७ जुलै १९९० रोजी, विश्वचषक फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री, रोममध्ये पावारोत्ती, दोमिंगो आणि कारेरास या तीन ऑपेरा गायकांच्या मैफलीचे संचालन करताना. माझ्या मते ती रात्र संचालकाच्या मूळ कामातच मोडते. आपल्याकडे तर ऑर्केस्ट्रा म्हटले की गणेशोत्सवातली हिंदी गाणीच आठवतात. मग अनोळखी माणसाला या संगीताच्या दारापर्यंत आणायचे कोणी?

तानपुरा

मला हे मुळीच पटत नाही. संचालकाचे काम तालमीत होते. बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचे, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या अनेक भागांच्या रचनेचे, ते सुप्रसिद्ध पहिले चार स्वर घ्या. त्यांतला चौथा स्वर लांबवावा एवढीच खूण छापील पानावर असते. किती लांबवायचा, हे संचालक ठरवतो आणि सगळ्या व्हायोलिनवाल्यांचे गज एकाच क्षणी तारेवरून उचलले जातील अशी मेहनत करून घेतो. कारकीर्द त्यावर जोखावी. रोमच्या त्या रात्रीनंतर किती फुटबॉलवेडे ब्रुकनरसारख्या सिंफनीकाराला ऐकायला गेले असतील? आणि नव्या श्रोत्यांचेच म्हणाल, तर सप्टेंबर २०१३ मध्ये श्रीनगरच्या शालिमार बागेत मेहतांनी बव्हेरियाचा वाद्यवृंद नेला, तेव्हा समोर बसले होते ते निमंत्रित. सामान्य काश्मिरी माणूस बंदोबस्ताच्या पलीकडेच राहिला आणि त्यावर तेव्हा टीकाही झाली.

कॉलेज रोडची

श्रीनगरचा मुद्दा मान्य, पण तो दोष निमंत्रणपत्रिकेचा आहे, हेतूचा नव्हे. आपण दोघेही ज्याच्याकडे पाहत नाही, तो लेनर्ड बर्नस्टाइन यांचा मार्ग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. १९५८ ते १९७२ या काळात त्यांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकला घेऊन मुलांसाठी ५३ सप्रयोग मैफली केल्या आणि त्या दूरचित्रवाणीवरून घरोघरी गेल्या. पहिल्याच मैफलीत त्यांनी रोसिनीचे ‘विल्यम टेल’ वाजवून हे संगीत कशाविषयी आहे असे विचारले. मुलांना ती धून एका काउबॉय मालिकेमुळे ठाऊक होती, त्यामुळे त्यांनी त्या नायकाचे नाव ओरडून सांगितले. त्यावर बर्नस्टाइन यांनी समजावले की हे संगीत कोणत्याही गोष्टीविषयी नसून स्वरांविषयी आहे. म्हणजे त्यांनी संगीत सोपे केले नाही, उलट मुलांच्या हातातली सोपी कुबडी काढून घेतली. तीही तालीमच, फक्त श्रोत्यांची.

आता थोडे घरचे. काही वर्षांपूर्वी आईला मुंबईत एका मैफलीला नेले होते. सिंफनीचा पहिला भाग संपताच तिने मनापासून टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी मान वळवून अशा नजरेने पाहिले की तिने हात पदराखाली घेतले. उरलेले तीन भाग ती ऐकत नव्हती, टाळी कधी वाजवायची याचा अंदाज घेत होती. जी बाई समेवर ‘वा’ म्हणत मोठी झाली, तिला आपण दाद देण्याची भीती घातली. गंमत अशी की १७७८ साली पॅरिसमध्ये आपल्या सिंफनीच्या पहिल्या भागात मध्येच टाळ्या पडल्या, हे मोत्सार्टने वडिलांना खुशीने कळवले होते. त्या संध्याकाळी संचालकाने मागे वळून दोन वाक्ये बोलली असती तर काय बिघडले असते?

पंचवटीकर

नाशिककरांनी तरी हा वाद घालू नये. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले ते राजाश्रयाच्या नव्हे, लोकांच्या बळावर, आणि उत्तरायुष्यात इथे आश्रम स्थापून ते रामनामात रमले. दरबारातले गाणे चारचौघांत आणले म्हणून ते उथळ झाले, असे म्हणायची आज कोणाची छाती आहे?

तानपुरा

पलुस्करांचे उदाहरण इथे लागू पडत नाही, असे नम्रपणे सांगतो. त्यांनी रागसंगीत चारचौघांत आणले ते शिष्यांना वर्षानुवर्षे शिस्तीत शिकवून. एका रात्रीच्या रोषणाईने नव्हे. लंडनला हेन्री वुड यांनीही १८९५ पासून स्वस्त तिकिटांच्या प्रॉमेनाड मैफली सुरू केल्या, लोकांना उभ्याने, खात-पीत, धूम्रपान करत ऐकू दिले, पण कार्यक्रमाची पातळी हळूहळू वर नेली आणि हे जवळजवळ पन्नास वर्षे चालवले. असे टिकून राहणारा संचालक मला चालेल. बर्नस्टाइनही त्यात बसतात, हे कॉलेज रोडच्या ताईंना देऊन टाकतो. रोमची ती रात्र मात्र बसत नाही.

गोदाकाठ (धागाकर्ता)

रोमवरून मी अजून हटलेलो नाही, कारण पहिल्यांदा दार उघडणारा आणि आत बसवून घेणारा माणूस एकच असावा असा आग्रह मला अवाजवी वाटतो. पण चौथ्या स्वराची गोष्ट डोक्यातून जात नाही. येत्या शुक्रवारी गटात पाचव्या सिंफनीचा फक्त पहिला भाग लावतो आहे, आधी फुर्टवेंग्लर यांच्या आणि लगेच कार्लोस क्लायबर यांच्या संचालनातला. ज्यांनी असले काही कधीच ऐकले नाही, अशा दोन शेजाऱ्यांना मुद्दाम बोलावले आहे. तानपुरा, त्यांना तो स्वर तुम्हीच दाखवावा. ताई, आईंनाही आणा. टाळी कुठेही चालेल.