नागपूरच्या भवतालच्या ले-आऊटांत राहणाऱ्यांनो, गुन्हेगारीमुळं तुमच्याकडे काय बदललं ते सांगा (अनुभव धागा)

बेसा-पिपळा, हुडकेश्वर, वाठोडा, वाडी, हिंगणा, कोराडी रोड... जिथं आधी शेतं होती तिथं आता प्लॉट पडले, फ्लॅट उभे झाले आणि आपण राहायला आलो. मर्डर झाला की पेपरात येते, ग्रुपवर व्हिडिओ फिरते, दोन दिवसांनी सगळे गप. ‘क्राईम कॅपिटल’ ऐकून कान किटले, ते इथं नको. तुमच्या गल्लीत काय पाहिलं, घरचे आता कसे वागतात ते लिहा. नावं, घर नंबर, चालू केसचे डिटेल्स नको, आणि ‘अमुक लोक आले म्हणून झालं’ टाईप कॉमेंट उडवल्या जाईल.

मीच सुरू करतो. आमच्या ले-आऊटच्या मागं मोकळं मैदान आहे, तिथं एकाला चाकूनं मारलं. दुसऱ्याच हप्त्यात सोसायटीनं वर्गणी काढून गेट बसवलं, वॉचमन ठेवला, कॅमेरे लावले. मारणारा कोण निघाला? सोबत बसून पिणारा दोस्त, पार्टीचे पैसे कोणी द्यायचे यावरून. दोघंही ले-आऊटमधलेच, म्हणजे गेटच्या आतलेच की! पण हे मीटिंगमध्ये बोललो तर सगळे माझ्याकडं असे पाहून राहिले जसं काही मीच मारलं.

तर्रीपोहे: मी डिलिव्हरी करतो, रात्री एक-दीडपर्यंत. खरं सांगू का, अंधाऱ्या रोडचं मला भेव नाही वाटत, बारच्या बाहेरच्या पानठेल्याचं वाटते. तिथं ‘घूरून काहून पाहिलं बे’ एवढ्यावर मॅटर होते. दहावी-बारावीचे पोट्टे असतात, ट्रिपल सीट, एकाच्या शर्टाखाली काहीतरी खोचलेलं. मी गाडी बंदच नाही करत, कस्टमरला खाली बोलावतो. रेटिंग कमी देतात, देऊ द्या.

झिरोमाईल: आकड्यांचं थोडं बोलतो, नंतर शिव्या घाला. एनसीआरबी (देशभरातल्या गुन्ह्यांचे आकडे काढणारी केंद्राची संस्था) गुन्ह्यांचा दर काढते तो दर लाख लोकसंख्येमागे, आणि शहरांसाठी लोकसंख्या धरते 2011 च्या जनगणनेची, कारण 2021 ची झालीच नाही. म्हणजे नागपूर अजूनही साधारण 25 लाखांचंच. आता बेसा-बेलतरोडीकडं चक्कर मारून या आणि सांगा किती फ्लॅट 2011 नंतरचे आहेत ते. गुन्हे आजचे आणि माणसं तेव्हाची, दर फुगणारच. वाढत्या सगळ्याच शहरांचं हे आहे म्हणा. दुसरं, एका एफआयआरमध्ये चार कलमं असली तर मोजणीत सगळ्यात गंभीर तेवढंच धरतात. म्हणून धमकी-मारहाण वाढली की कमी झाली हे त्या तक्त्यावरून सांगणारा माणूस मला तरी थापाड्या वाटते. याचा अर्थ सगळं ठीक आहे असा नाही, माझ्याच बहिणीला मी रात्री ऑफिसातून आणायला जातो.

नवतपा: कॅज्युअल्टीत काम केलं आहे (कुठल्या दवाखान्यात ते सोडा). धुळवडीच्या दिवशी आणि पगाराच्या हप्त्यात चाकूवाले जास्त यायचे, हे तिथल्या कोणत्याही वॉर्डबॉयला विचारा. बहुतेकांना मारणारा ओळखीचा असते, आणि सोबत आलेले सांगतात ‘पडला’. पोटात काच घुसून पडला म्हणे! एक कामाची गोष्ट, चाकू आत असेल तर ओढून काढू नका. लोकं हमखास काढतात अन् मग रक्त थांबत नाही. आजूबाजूनं स्वच्छ कपड्यानं दाबून धरा, जसं आहे तसं आणा. खर्रा खाऊन उभं राहून व्हिडिओ काढणाऱ्यांना बाजूला करा, शक्य असेल तर.

रिटायर_हवालदार: तडीपारीनं, म्हणजे गुंडाला जिल्ह्याबाहेर काढून, काय होते ते सांगतो. हद्दपारी जास्तीत जास्त दोन वर्षांची असते. कागदावर पोट्टा जिल्ह्याबाहेर, प्रत्यक्षात मावशीकडं, रात्री आईच्या हातचं जेवायला घरी हजर. पकडला तर परत वेगळा गुन्हा. एमपीडीएखाली (धोकादायक गुंडाला खटल्याशिवाय स्थानबद्ध करायचा कायदा) वर्षभर आत टाकता येते, त्याचा वचक बसते, पण तो भाईलोकांसाठी. आताची गोची वेगळी आहे. मोठे पोट्टे चाकू सतरा वर्षांच्या हातात देतात, ‘तू सुटून येशील’ सांगून. त्या पोराला हे कोणी नाही सांगत की 2015 च्या कायद्यानं सोळा ते अठरामधल्यावर खुनासारख्या केसमध्ये मोठ्यासारखा खटला चालू शकते.

जरीपटक्याचा_जुना: तुम्ही नवीन लोकं. आम्ही कस्तुरबा नगरच्या बाजूचे. 13 ऑगस्ट 2004 ला जिल्हा कोर्टात बायांनी वस्तीतल्या गुंडाला, अक्कू यादवला, मारलं तेव्हा जगभर बातमी गेली, त्याच्या आधी कितीतरी वर्षं वस्तीतल्या बाया काय सोसून राहिल्या होत्या ते कोणी विचारलं नाही. 2014 मध्ये त्या केसमधले सुटले. मला ते बरोबर की चूक यात नाही पडायचं. पण आजही आमच्याकडं कोणी साक्ष द्यायला तयार नसते, कारण आरोपी जामिनावर आला की त्याच गल्लीत राहते.

बेसा_बी_विंग: सगळे रोडचं लिहून राहिले म्हणून लिहिते. आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये नवरा रोज मारतो. गेट आहे, कॅमेरे आहेत, सगळं आहे. 112 ला मी फोन केला, गाडी आली, तिनंच दार उघडून ‘काही नाही’ सांगितलं. लिफ्टमध्ये आता ती माझ्याशी बोलत नाही. सेक्रेटरी म्हणाले, वहिनी तो त्यांचा आपसातला मामला. मीटिंगमध्ये मात्र तासभर चर्चा, भंगारवाल्याला आत घ्यायचं की नाही यावर.

दहावीची_आई: मुलाच्या बॅगेत बटणचा चाकू सापडला, ऑनलाईन मागवलेला. विचारलं तर ‘सगळ्यांकडं आहे’. काय करू? पोलिसात न्यायची भीती वाटते.

रिटायर_हवालदार: ताई, पहिले तो त्याच्याजवळून काढून घ्या. 9 इंचापेक्षा लहान पातं शस्त्र कायद्यात बसत नाही असं समजून लोकं निश्चिंत राहतात, पण शहरात हत्यार घेऊन फिरायला मनाईचा आदेश लागू असला तर त्याखालीही उचलतात. रागावण्याआधी विचारा, कोणाला भेते तो.

दहावीची_आई: विचारलं काका. ट्यूशनबाहेर एक कॉलेजचा पोट्टा आहे, फोनवरून पैसे टाकायला लावते, नाही टाकले तर मारते. माझ्या खात्यातूनच गेले होते, मला वाटलं समोसे खाते. क्लासच्या सरांशी बोलली, उद्या संध्याकाळी त्याच्या वडिलांना बोलावलं आहे. आमचे हे पण येणार. काय होते ते इथंच टाकते.