मदत हवी आहे : आयोवाच्या हायड्रॉलिक्स लॅबमधला नदीचा कालवा

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या हायड्रॉलिक्स (पाण्याच्या प्रवाहाचं शास्त्र) संस्थेवर मराठीत लेख लिहितेय. प्रयोगशाळा १९२० च्या सुमाराची, संस्था १९३१ ची. हा घोळ सुटला. सुरुवातीचे संचालक फ्लॉइड नॅगलर आणि पुढे १९४४ ते १९६६ संचालक राहिलेले हंटर राउस यांच्याबद्दलही पुरेसं मिळालं. अडलंय प्रयोगशाळेत नदीचं पाणी आणणाऱ्या कालव्यापाशी. इमारत आयोवा नदीवरच्या बंधाऱ्यालगत, त्यामुळे प्रयोगांना थेट नदीचं पाणी घेता येई. मला तर या जागेचं खरं वैभव तेच वाटतं! संस्थेचं संकेतस्थळ पाहून झालंय. जुने फोटो नकोत, सध्याची स्थिती हवी. ऐकीव माहिती असेल तर तसं सांगा. तिथे शिकलेलं कुणी आहे का इथे? तो कालवा अजून वापरतात, की आता सगळं पंपाने फिरवलेल्या पाण्यावरच चालतं?