पुनश्च: एडवर्ड हीथ यांची कारकीर्द

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

काकांनी कालच्या पत्रात ब्रिटनचे माजी पंतप्रधान (१९७०-७४) एडवर्ड हीथ यांना 'अपयशी' म्हणत त्यांचा हिशेब थोडक्यात मांडला आहे: हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचे नेते म्हणून लढवलेल्या चारपैकी तीन सार्वत्रिक निवडणुका ते हरले, खाणकामगारांच्या संपापुढे त्यांचा टिकाव लागला नाही आणि १९७५ साली मार्गारेट थॅचर यांनी त्यांचे नेतेपद घेतले. यात खोटे काहीच नाही. तरीही एवढ्यावरून त्यांना निकालात काढणे, निदान ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीयांनी तरी, अन्यायाचे होईल असे मला मनापासून वाटते.

ब्रॉडस्टेअर्सच्या एका सुताराच्या घरी जन्मलेले हीथ १९५० साली बेक्सलीतून अवघ्या १३३ मतांनी निवडून आले आणि २००१ पर्यंत सलग ५१ वर्षे खासदार राहिले. १९६५ साली ते नेते झाले, तेही खासदारांच्या मतदानातून. हुजूर पक्षात असे प्रथमच घडत होते. २० एप्रिल १९६८ रोजी त्यांच्याच पक्षाचे खासदार इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅममध्ये स्थलांतरितांविरुद्ध विखारी भाषण केले, तेव्हा हीथ यांनी दुसऱ्याच दिवशी त्यांना छाया मंत्रिमंडळातून (विरोधी पक्षाच्या प्रमुख प्रवक्त्यांच्या गटातून) काढले. लंडनचे गोदी कामगार पॉवेल यांच्या समर्थनार्थ मोर्चा घेऊन संसदेवर आले, यावरून वारे कोणत्या दिशेचे होते ते कळते.

खरी कसोटी मात्र १९७२ साली लागली. ऑगस्टमध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने तेथील आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. त्यांच्यातील हजारो लोकांकडे ब्रिटिश पासपोर्ट होते, पण मजूर पक्षाच्या सरकारने १९६८ मध्ये केलेल्या कायद्याने अशा पासपोर्टधारकांचा थेट प्रवेशाचा हक्क आधीच काढून घेतला होता. मोठ्या प्रमाणावर नवे स्थलांतर होऊ देणार नाही, असे हीथ यांच्या स्वतःच्या जाहीरनाम्यात लिहिलेले होते आणि स्मिथफील्डच्या मांसबाजारातील हमाल निषेधाचा मोर्चा काढत होते. अशा वेळी या लोकांची जबाबदारी ब्रिटनची आहे, हे मान्य करून सरकारने पुनर्वसन मंडळ नेमले, जुने लष्करी तळ उघडले आणि सुमारे २८,००० माणसांना आसरा दिला. पहिले विमान १८ सप्टेंबरला लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळावर उतरले.

आपली,
क्रॉयडनची सभासद

* * *

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. 'अपयशी' हा शब्द मी मागे घेतो. परंतु १९७१ चा इमिग्रेशन कायदाही हीथ यांच्याच सरकारचा आहे, हे तू लिहायला हवे होतेस. कॉमनवेल्थच्या ज्या नागरिकांच्या आईचा किंवा वडिलांचा जन्म ब्रिटनमध्ये झाला होता त्यांना येथे राहण्याचा हक्क आणि बाकीच्यांना परवानगीची अट, अशी त्याची रचना होती. व्यवहारात ही रेषा गोऱ्या आणि गोरेतर लोकांमध्येच ओढली गेली. तो कायदा १ जानेवारी १९७३ रोजी लागू झाला, म्हणजे हीथ यांच्या आयुष्यभराच्या ध्यासानुसार ब्रिटनने युरोपीय समुदायात प्रवेश केला त्याच दिवशी.

मी लेस्टरचा रहिवासी आहे. येथील नगरपालिकेने तेव्हा युगांडातील वृत्तपत्रात जाहिरात देऊन, येथे येऊ नका, असे निर्वासितांना कळवले होते. लोक तरीही आले आणि त्यांनी येथील भारतीय दुकानांचा बेलग्रेव्ह रोड उभा केला.

काका

* * *

ती. काकांस सादर नमस्कार.

कायद्याविषयी आपले म्हणणे पूर्ण मान्य आहे आणि ते मी गाळायला नको होते. पण त्यामुळेच १९७२ च्या निर्णयाचे मोल मला अधिक वाटते. स्थलांतराला मुळातच अनुकूल असलेल्या नेत्याने तो घेतला असता तर त्यात विशेष काही नव्हते. ज्याने स्वतः दरवाजा आवळला होता, त्याने पासपोर्टावर दिलेला शब्द पाळण्यासाठी स्वपक्षाची नाराजी पत्करली. त्याच ऑक्टोबरात ब्लॅकपूलच्या अधिवेशनात पॉवेल यांनी सरकारवर टीका करणारा ठराव मांडला, तेव्हा पक्षाच्या तरुण सदस्यांनी दुरुस्ती आणून तो उलटवला आणि सरकारची बाजू राखली. आपल्या वार्तापत्रासाठीच्या माझ्या हीथ यांच्यावरील लेखात १९७१ चा कायदा आणि हे अधिवेशन, दोन्ही शेजारी शेजारी घालते.

आपली,
क्रॉयडनची सभासद