मावसभावाच्या कर्जाला जामीन राहावे का?

नगरवाला:
जय ख्रिस्त. माझ्या मावसभावाचे वेल्डिंगचे वर्कशॉप आहे. नवीन यंत्रासाठी तो पतसंस्थेकडून सहा लाखांचे कर्ज काढत असून दोन जामीनदारांपैकी एक मी व्हावे, अशी त्याची आणि मावशीची इच्छा आहे. मी नोकरदार आहे. मुलगी पुढच्या वर्षी बारावीला जाईल. पारध्याच्या हातून हरिणी निसटते तसा जामिनकीतून निसटून जा, असे बायबलमधील नीतिसूत्रांच्या ६ व्या अध्यायात बजावले आहे. उलट, उसने मागणाऱ्याला पाठ दाखवू नको, असे प्रभू सांगतो (मत्तय ५:४२). आमच्या मंडळीतील (चर्चमधील) एका ज्येष्ठ पुढाऱ्यांच्या मते जामीन नाकारणे हा अविश्वास आहे. तुम्हाला काय वाटते?

जुना पतपेढीवाला:
मी पतसंस्थेच्या वसुली विभागात नोकरी केली आहे, म्हणून आधी व्यवहाराचे बोलतो. ‘फक्त सही कर’ असे म्हणतात तेवढे ते सोपे नसते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते; संस्थेने आधी कर्जदाराकडे वसुली करावी आणि मगच तुमच्या दारी यावे, असे बंधन नाही. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खालील वसुली दाखला (थकीत रक्कम वसूल करण्याचा आदेश) निघाला की प्रकरण पगारापर्यंत येऊ शकते. शिवाय ही जामिनकी तुमच्या सिबिल अहवालात (कर्जव्यवहारांच्या नोंदीत) दिसू शकते, म्हणजे उद्या मुलीसाठी शैक्षणिक कर्ज मागताना तिचाही विचार होईल. आणि काहीही झाले तरी कोऱ्या अर्जावर किंवा कोऱ्या धनादेशावर सही करू नका. मावशी समोर बसली असली तरीही.

वसईची सून:
मला दोन्ही वचनांत विरोध दिसत नाही. मत्तयात आहे ते देणे, आणि माणूस देतो ते स्वतःजवळचे. जामीन राहणारा मात्र अजून न मिळालेला पगार गहाण टाकतो, आणि त्या पगारावर पत्नीचा व मुलीचाही हक्क असतो. नीतिसूत्रे २२:२७ पाहा: फेडायला काही नसेल तर तुझ्या अंगाखालचे अंथरूण का काढून न्यायला लावतोस, असा तिथला रोकडा सवाल आहे. त्यामुळे सहा लाख बुडाले तर घर चालेल का, हे पत्नीसोबत बसून आधी पाहा. चालणार नसेल तर नकार द्या, पण तेवढ्यावर थांबू नका. उघड्यानागड्या भावाला ‘सुखाने जा, ऊब घे’ असे कोरडे सांगणाऱ्याला याकोबाने (२:१५-१६) चांगलेच सुनावले आहे.

मंडळीचा सेवक:
जामिनकी सरसकट निषिद्ध नाही, एवढी भर घालतो. बन्यामिनासाठी यहूदा जामीन राहिला (उत्पत्ती ४३:९), आणि इब्री ७:२२ मध्ये येशूलाच अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हटले आहे. दास अनेसिमाचे जे काही देणे असेल ते माझ्या नावे मांड, मी फेडीन, असे पौलाने त्याचा धनी फिलेमोन याला स्वतःच्या हाताने लिहून दिले. ‘वेळच येणार नाही’ अशा भरवशावर त्याने ते लिहिले नव्हते. फेडण्याच्या तयारीने लिहिले होते. तुमच्या मंडळीतील त्या ज्येष्ठांशी मी सहमत नाही. बुरूज बांधण्याआधी खर्चाचा हिशेब करावा, हे प्रभूचेच उदाहरण आहे (लूक १४:२८), तेव्हा भावाकडे वर्कशॉपच्या जमाखर्चाची वही मागण्यात संकोच कसला? यंत्राला पुरेल एवढे काम हाती आहे का आणि मंदीच्या महिन्यांत हप्ता कुठून निघेल, हे त्याच्या तोंडून ऐका. वही दाखवायला तो कां-कूं करू लागला, तर तेही उत्तरच समजा.

नगरवाला:
सर्वांचे आभार. पत्नीशी बोललो. सहा लाखांचा भार आम्हाला पेलणारा नाही, म्हणून जामीन राहणार नाही. मात्र साठ हजार रुपये बिनव्याजी देऊ, आणि ते परत आले नाहीत तरी नाते तुटू देणार नाही, असे दोघांनी ठरवले आहे. रविवारी उपासनेनंतर मावशीकडे जाऊन हे समोरासमोर सांगेन. जुने यंत्र मोडीत न काढता विकले तर कर्ज कमी लागेल, असे मला वाटते. त्याची खरी किंमत कोण सांगू शकेल?

जुना पतपेढीवाला:
जुनी यंत्रे घेणाऱ्या दोन-तीन व्यापाऱ्यांकडून वेगवेगळे भाव लेखी घ्या. तेच कागद जोडून भावाला कमी रकमेचा अर्ज करायला सांगा. रक्कम घटली तर दुसऱ्या जामीनदाराची अट शिथिल होते का, हे शाखेत विचारायला हरकत नाही.